उल्लेखांचा माग आणि मराठी संशोधन

बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविले गेले. आज ती संगणक-व्यवसायाची पेठ आहे आणि त्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही तेथे आहेत. अशा घरातील एखाद्या अभ्यासकास रा. चिं. ढेरे ह्यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) ह्या ग्रंथाचा पुढील संशोधनावर काय परिणाम झाला हे पाहावयाचे असेल, तर पुण्यामुंबईची ग्रंथालये हाताशी नसल्यामुळे त्याची सारी भिस्त ‘गूगल स्कॉलर’सारख्या शोधसाधनावर राहते. विषयही कर्नाटकात बसून पाहावा असाच आहे. विठ्ठलाचे कानडी अनुबंध हे ढेऱ्यांच्या प्रतिपादनाचे एक महत्त्वाचे अंग होय.

ह्या साधनामागील कल्पना जुनी आहे. एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोठे घेतला गेला हे दाखविणाऱ्या सूची अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरीत. यूजीन गारफील्ड ह्यांनी १९५५ साली तोच न्याय विज्ञानास लावण्याचे सुचविले आणि १९६४ मध्ये त्यांची उल्लेखसूची प्रसिद्ध झाली. २००४ पासून गूगलने तसे साधन सर्वांस विनामूल्य खुले केले. तळटीप वाचकास मागे नेते. उल्लेखसूची पुढे नेते. हा लाभ लहान नव्हे.

परंतु ती पुढे नेते कोठपर्यंत? यंत्र ग्रंथाचा आशय तोलीत नाही, अक्षरे जुळविते. रोमन लिपीत ढेऱ्यांचे नाव कोणी आद्याक्षरांनी देतो, कोणी पूर्ण लिहितो. विठ्ठलातील मूर्धन्य वर्णांखाली कोणी टिंब देतो, कोणी देत नाही. अशाने एकच ग्रंथ अनेक नोंदींत विखुरण्याचा संभव असतो. उलट, ॲन फेल्डहाउस ह्यांचे इंग्रजी भाषांतर २०११ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षक एकच, वर्ष निश्चित, म्हणून त्याचा माग सुलभ. केवळ आकड्यांवर विसंबणाऱ्यास ढेऱ्यांचा विठ्ठल सत्तावीस वर्षे उशिरा अवतरल्यासारखा वाटावा! साहित्य अकादेमीने १९८७ साली ह्या ग्रंथास पुरस्कार दिला होता, ह्याची त्या हिशेबास दाद नसते.

सारा दोष यंत्राच्या माथी मारून मराठी विद्वानांस मात्र मोकळे होता येणार नाही. ‘डॉ. ढेरे ह्यांनी दाखविल्याप्रमाणे’ एवढ्यावर पुष्कळांचे भागते. आवृत्ती नाही, पृष्ठांक नाही, कित्येकदा ग्रंथनामही नाही. मतभेद असेल तर ‘काही संशोधक’ असा पडदा. ज्याचे नावच घेतलेले नाही त्याचा माग कोणते यंत्र काढणार? शं. ग. दाते ह्यांच्या सूचीने १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथांची नोंद केली. पण त्या ग्रंथांचे पुढे काय झाले, हे सांगणे तिच्या कक्षेत नव्हते. ते सांगण्याचा भार लिहिणाऱ्यांच्या टिपांवरच होता.

आणि उल्लेख सापडला, तरी तो स्वीकाराचा की खंडनाचा हे आकडा सांगत नाही. तेथे दोहोंचे मोल एकच. म्हणून व्हाइटफील्डच्या त्या अभ्यासकास सर्व लिप्यंतरे, देवनागरी शीर्षक आणि भाषांतर अशी निरनिराळी शोधणी केल्यावरही अखेर पुण्यातील एखाद्या स्नेह्यास विनवून त्या एका पानाचे छायाचित्र मागवावे लागते.