ओव्हिडचे लोहयुग आणि सूरजागडचा डोंगर

रोमन कवी ओव्हिड याचा जन्म इ. स. पूर्व ४३ चा. ‘मेटामॉर्फसिस’ या त्याच्या १५ सर्गांच्या काव्यात सुमारे २५० रूपांतरकथा आहेत. जर्मन अभ्यासक लुडविग ट्राउबे यांनी युरोपातील बाराव्या-तेराव्या शतकांना ‘ओव्हिडचे युग’ असेच नाव दिले. शेक्सपिअरने त्याला आर्थर गोल्डिंगच्या १५६७ च्या भाषांतरातूनही वाचले. दान्तेने आपल्या काव्यात ओव्हिडला नरकाच्या ज्या पहिल्या वर्तुळात ठेवले, तिथेच इब्न सीना, इब्न रुश्द आणि सलाहुद्दीन यांनाही जागा दिली. म्हणजे हा कवी आपल्या वाचकांना अगदीच परका नाही.

काव्याच्या पहिल्या सर्गात चार युगे येतात : सोन्याचे, चांदीचे, काशाचे आणि लोखंडाचे. कृत, त्रेता, द्वापर, कली हा क्रम कानावर असलेल्यांना ती ओळखीची वाटतील. कल्पना मूळची ग्रीक कवी हेसिअडची. त्याची युगे पाच होती. त्यातले वीरांचे युग ओव्हिडने गाळले. लोहयुगाचे हे वर्णन नीतीच्या ऱ्हासाचे म्हणून वाचण्याची रीत जुनी आहे. आम्हाला मात्र त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो.

लोहयुगात आधी लाज, सत्य आणि विश्वास निघून जातात. जहाजे समुद्रात लोटली जातात. मग मोजणीदार येतो आणि ऊन-वाऱ्यासारखी सर्वांची असलेली जमीन लांब रेषांनी आखून टाकतो. त्यानंतर माणूस धरतीच्या पोटात शिरतो, लोखंड आणि सोने वर काढतो, आणि त्यांच्या मागून युद्ध येते. म्हणजे खाणीच्या आधी मोजणी.

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडला हा क्रम पडताळून पाहता येतो. हा डोंगर लोहखनिजाचा. माडियांसाठी तो ठाकूरदेवाचा, आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. २००७ मध्ये ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. देवाचा डोंगर आधी कागदावर हेक्टरांत उतरला, खणणे नंतर आले. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खनिजवाहतुकीची सुमारे ८० वाहने जाळली. २०२१ पासून खाणकाम पुन्हा जोमाने सुरू झाले.

एवढ्यावरून ओव्हिडला आदिवासींचा कैवारी ठरवणे घाईचे होईल. ‘आर्स अमाटोरिया’मध्ये हाच कवी सांगतो की जुना काळ इतरांना लखलाभ, आपण आज जन्मलो याचाच आपल्याला आनंद आहे. त्याच्या सुवर्णयुगात नांगर नाही, कायदा नाही, कष्ट नाहीत. जंगलातल्या माणसाला नांगर धरावा लागतो. शाळा, दवाखाना, रस्ता, रोजगारही हवा असतो. शहरातले लेखक त्याला सुवर्णयुगात नेऊन बसवतात, तेव्हा ग्रामसभेत तो आज काय म्हणतो हे ऐकायची गरज उरत नाही. सूरजागडवर लिहिणाऱ्यांनी हा मोह टाळला पाहिजे.

उर्दूत जमीन मोजणाऱ्याला ‘अमीन’ म्हणतात. ज्याच्या हाती अमानत सोपवावी, तोही अमीनच. ओव्हिडने मोजणीदाराला ‘सावध’ एवढेच विशेषण दिले आहे. आमच्या शब्दात त्याच्यावर जबाबदारीही येते. मोजणी मुळातच वाईट नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तिथेही हद्द ठरवावीच लागली. एक मोजणी सर्वांचे काढून घेते, दुसरी ते सर्वांच्या नावे लिहून देते. हा फरक ओव्हिडच्या लोहयुगात नाही. म्हणून त्याच्या काव्याचा प्रभाव तपासताना, त्याने कोणाला प्रेरणा दिली याच्या जोडीने, त्याच्या नजरेतून काय सुटले हेही आपल्या मुलखातून सांगितले गेले पाहिजे.