‘वाटी झिजली’ या निदानाची चिकित्सा : गुडघ्याच्या वाटीभोवतीची वेदना आणि भौतिकोपचार

प्रस्तावना

गुडघ्याच्या पुढील भागात, वाटीभोवती अथवा वाटीमागे होणारी वेदना किशोरवयीन व तरुणांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, वारंवार आढळते. मराठी व्यवहारात मात्र तिला स्वतंत्र नाव नाही. साठीतील संधिवात आणि विशीतील ही वेदना, दोन्ही ‘गुडघेदुखी’ या एकाच सदरात जमा होतात आणि दोन्हींचे कारणही एकच सांगितले जाते : ‘वाटी झिजली, वंगण संपले.’ प्रस्तुत लेखात या समजुतीची आणि तपासणी व उपचारांवरील तिच्या परिणामाची डोंबिवलीच्या संदर्भात चिकित्सा केली आहे.

‘झीज’ या कल्पनेची मर्यादा

या समजुतीला वैद्यकशास्त्राचा आधार नव्हता असे नाही. दीर्घकाळ या वेदनेला ‘कॉन्ड्रोमलेशिया पटेली’, म्हणजे वाटीमागील कूर्चा मऊ पडणे, असे नाव दिले जात असे. परंतु कूर्चेत वेदनावाहक मज्जातंतू नसतात. अमेरिकी अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी सांध्याच्या आतील भाग बधिर न करता स्वतःच्या गुडघ्यांची दुर्बिणीद्वारे तपासणी करवून घेतली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. वाटीच्या कूर्चेला स्पर्श केला असता वेदना झाली नाही. सांध्याचे अस्तर व वाटीखालील मेदपेशींचा भाग मात्र अत्यंत संवेदनशील आढळला. एका व्यक्तीवरील या प्रयोगाला अर्थातच मर्यादा आहेत. तरीही झीज आणि वेदना यांचे समीकरण सरळ नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. सांध्याची सहनक्षमता आणि त्यावर पडणारा भार यांतील असंतुलन हे या वेदनेचे अधिक समर्पक स्पष्टीकरण ठरते.

तपासणी

अमेरिकेतील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार हे निदान क्ष-किरण चित्रावर अवलंबून नाही. उठाबशा काढताना, जिना चढता-उतरताना किंवा गुडघे वाकवून दीर्घकाळ बसल्यावर वाटीभोवती वा वाटीमागे वेदना होणे आणि अन्य कारणे वगळली जाणे, हा त्याचा पाया आहे. सूज, गुडघा अडकणे, रात्रीची वेदना किंवा दुखापत असल्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक ठरते. त्यानंतर मांडीच्या व खुब्याच्या स्नायूंची ताकद, हालचालीवरील नियंत्रण, ऊतींची लवचीकता आणि अलीकडे वाढलेला भार यांचा विचार केला जातो.

येथे एक उणीव नोंदवणे भाग आहे. जगभर वापरली जाणारी, फिनलंडमधील कुयाला व सहकाऱ्यांची १९९३ ची १३ प्रश्नांची गुणांकन पद्धती जिने, धावणे, उड्या, उठाबशा यांविषयी विचारते. जमिनीवर मांडी घालून बसण्याविषयी विचारत नाही. मराठी घरातील पूजा, पंगत आणि वावर यांत गुडघ्याची खरी परीक्षा तेथेच होते. मापनाच्या साधनात हा प्रश्न नसेल, तर रुग्णाची अडचण गुणांत उतरतच नाही.

उपचार

ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञ जेनी मॅकॉनेल यांनी १९८६ मध्ये वाटीला चिकटपट्टीने आधार देऊन व्यायाम करण्याची पद्धती मांडली. या पद्धतीमागे वाटी ‘सरकली’ आहे ही कल्पना होती. २०१९ ची सूत्रे चिकटपट्टीला चार आठवड्यांपर्यंतचे, व्यायामाच्या जोडीचे साधन मानतात. मुख्य भर मांडी व खुबा या दोन्हींच्या स्नायूंच्या व्यायामावर आहे. अल्ट्रासाउंड व विद्युत उपकरणांचा वापर करू नये, असे ही सूत्रे स्पष्टपणे सांगतात. तथापि, ‘शेक’ आणि ‘मशीन’ म्हणजेच फिजिओथेरपी असे मानणाऱ्या रुग्णाला केवळ व्यायाम सांगणे म्हणजे उपचार न करणे वाटते. झीज झालेल्या वस्तूला यंत्राने दुरुस्त करावे, ही अपेक्षा त्या शब्दातूनच जन्मते.

‘जिने टाळा, मांडी घालू नका’ हा प्रचलित सल्लाही तपासून पाहण्याजोगा आहे. रेली व मार्टेन्स यांच्या १९७२ च्या गणनेनुसार सपाट चालताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या निम्मा, तर जिन्यावर सुमारे ३.३ पट भार येतो. म्हणून काही काळ भार कमी करणे योग्यच आहे. परंतु उद्वाहन नसलेल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या आणि रोज रेल्वे पूल ओलांडून लोकलने मुंबई गाठणाऱ्या डोंबिवलीकराला जिने टाळणे शक्य नाही. कायमचा निषेध त्याच्या मनात भय निर्माण करतो. हालचाल घटते, स्नायू दुर्बळ होतात आणि तोच जिना आणखी जड होतो. याउलट, भार मोजून कमी करून तो टप्प्याटप्प्याने वाढवणे हा पाळता येणारा सल्ला आहे. कमी उंचीच्या पायरीपासून सुरुवात करावी आणि दुसऱ्या दिवशीच्या वेदनेवरून पुढील मात्रा ठरवावी.

समारोप

ही वेदना वयाबरोबर आपोआप जाते, हा समजही टिकत नाही. दीर्घकालीन पाठपुराव्यात ५ ते ८ वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक रुग्णांची स्थिती समाधानकारक नव्हती. २०१९ च्या सूत्रांतील चार उपप्रकारांचे वर्गीकरणही अद्याप प्रस्तावाच्या स्वरूपातच आहे. या शास्त्राकडे सर्व उत्तरे नाहीत, हे मान्य करूनही एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. विशीतील विद्यार्थिनीला ‘तुझी वाटी झिजली’ असे सांगणे म्हणजे परत न येणाऱ्या नुकसानीची वार्ता देणे होय. ‘तुझ्या गुडघ्याला सध्या हा भार पेलत नाही, तो पेलण्याची ताकद वाढवता येईल’ हे विधान अधिक शास्त्रीय आहे आणि ते तिला जिन्यापासून दूर नेत नाही. मराठीत शास्त्र शिकवणाऱ्यांनी आणि रुग्णांशी मराठीत बोलणाऱ्यांनी निदानाची ही भाषा बदलणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.