ड्रेक समीकरण : संभाव्यतेचे गणित की अज्ञानाची मांडणी?

परग्रहांवरील बुद्धिमान जीवसृष्टीच्या चर्चेत ड्रेक समीकरणाला प्रमाणवचनाचे स्थान लाभले आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये ग्रीन बँक येथील बैठकीसाठी ते मांडले. ताऱ्यांच्या निर्मितीचा दर, ग्रह असलेल्या ताऱ्यांचे प्रमाण, जीवनयोग्य ग्रहांची संख्या, त्यांवर जीव, बुद्धी व संदेशवहनाचे तंत्र निर्माण होण्याचे प्रमाण आणि अशा संस्कृतीचे आयुर्मान या सात घटकांचा गुणाकार म्हणजे आकाशगंगेतील संपर्कक्षम संस्कृतींची संख्या होय.

एका धूसर प्रश्नाचे सात स्वतंत्र प्रश्नांत विभाजन करणे, हे या समीकरणाचे खरे सामर्थ्य. त्यांपैकी प्रारंभीच्या प्रश्नांची उत्तरे आता निरीक्षणांतून मिळू लागली आहेत. १९९५ मध्ये सूर्यसदृश ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला. २००९ ते २०१८ या काळात कार्यरत असलेल्या केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांनी ग्रह असणे हा अपवाद नसून नियम असल्याचे दाखवले.

तथापि, ‘तारे अब्जावधी आहेत, म्हणून बुद्धिमान जीव असणारच’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. निर्जीव द्रव्यातून जीव उद्भवण्याचे प्रमाण अत्यल्प असल्यास ताऱ्यांची विपुलता निष्प्रभ ठरते. पृथ्वीचे एकमेव उदाहरणही येथे अपुरे पडते. कारण हा प्रश्न विचारणारा जीव जेथे निर्माण झाला, तेथूनच तो विचारला जाणार. शिवाय पृथ्वीवर सूक्ष्मजीव किमान ३५० कोटी वर्षांपूर्वी होते, तर आधुनिक मानव सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी अवतरला. जीव म्हणजे बुद्धी नव्हे, हेच यातून सूचित होते.

सँडबर्ग, ड्रेक्सलर व ऑर्ड यांनी २०१८ मध्ये प्रत्येक घटकासाठी एकच अंदाजित आकडा न घेता अनिश्चिततेची संपूर्ण व्याप्ती विचारात घेतली. तेव्हा आकाशगंगेत मानव एकटाच असण्याची शक्यता लक्षणीय ठरली. अर्थात आजवर संदेश न मिळणे हाही अभावाचा पुरावा नव्हे. १९६० च्या ‘ओझ्मा’ प्रकल्पात ड्रेक यांनी केवळ २ ताऱ्यांचा वेध घेतला होता. त्यानंतरचे शोधही अफाट अवकाशाच्या अल्पांशापुरतेच आहेत.

मंगळावर किंवा युरोपा या उपग्रहावर स्वतंत्रपणे उद्भवलेला सूक्ष्मजीव आढळला, तर जीवाच्या उद्भवाविषयीच्या पदाला प्रथमच निरीक्षणाचा आधार मिळेल. बुद्धीचे पद मात्र तरीही अनुमानाधीनच राहील. म्हणून अध्यापनात या समीकरणाच्या अंतिम आकड्यापेक्षा त्यातील कोणते पद मोजलेले आणि कोणते कल्पिलेले, या भेदाला प्राधान्य मिळणे आवश्यक आहे. अन्यथा गणिताच्या वेषात श्रद्धाच शिकवली जाण्याचा धोका संभवतो.