मनाचे माप : चाळणी आणि तराजू

शाळकरी मुलांमध्ये मानसिक त्रास किती, या प्रश्नाला आपल्याकडे निदान तीन उत्तरे आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. गोव्यातील १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलामुलींच्या पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १.८१ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटासाठी हा आकडा ७.३ टक्के निघाला. एनसीईआरटीने २०२२ च्या जानेवारी ते मार्च या काळात सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण सांगितले. मथळे झाले ते अर्थातच या शेवटच्या आकड्याचे.

हे तीन आकडे तीन वेगळ्या मापांनी काढलेले आहेत. गोव्यात मुलांची आखीव मुलाखत घेतली गेली. त्रासामुळे अभ्यास, मैत्री, घरचे वागणे अडते का, हे विचारले गेले आणि निर्णय तज्ज्ञांनी दिला. निम्हान्सच्या पाहणीतही निदानासाठी बनवलेली मुलाखतच होती. एनसीईआरटीचा तक्ता मात्र मुलांनी स्वतः भरला आणि त्यात भावना विचारल्या होत्या. परीक्षेची काळजी वाटणे हा काही आजार नव्हे. या पाहणीत नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते, ही तिची जमेची बाजू. परंतु नमुना मोठा झाला की योगायोगाने होणारी चूक तेवढी कमी होते. प्रश्न काळजीविषयी असेल, तर पावणेचार लाख उत्तरांमधून काळजीच मोजली जाते, विकार मोजला जात नाही.

हा भेद आता शिक्षकांच्या दृष्टीने केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, ही त्यांतील एक. हे स्वागतार्हच आहे. पण समुपदेशक येण्याआधी प्रश्नावल्या येतील, अशी आम्हाला शंका वाटते. छापील कागद वाटणे सोपे आणि स्वस्त असते.

पीएचक्यू-९ ही अशीच एक जगभर वापरली जाणारी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. प्रौढांसाठी सहसा दहा ही सीमारेषा धरतात. कोलकात्यातील शाळकरी मुलांवर केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र पाच ही सीमारेषा अधिक योग्य ठरली. तिथे नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८७ मुले या चाळणीत सापडली, आणि नैराश्य नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ८० मुले बरोबर वगळली गेली. कोणालाही वाटेल, की साधन उत्तम आहे.

आता एक त्रैराशिक करू. एका शाळेत १,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर नैराश्य आहे, असे समजू. चाळणी या ५० पैकी सुमारे ४४ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० पैकी २० टक्के, म्हणजे १९० मुलांनाही ती चुकून पकडेल. यादी झाली २३४ नावांची, आणि तीत खरी ४४. म्हणजे पाचांत एकही पुरता नाही. शिवाय सहा मुले निसटली, ती वेगळीच. हीच प्रश्नावली डॉक्टरांकडे तक्रार घेऊन आलेल्या, निम्म्यांना नैराश्य असलेल्या १,००० जणांना दिली, तर ४३५ खरी नावे आणि १०० चुकीची मिळतील. साधन तेच आहे. बदलले ते फक्त गटातील आजाराचे मूळ प्रमाण. म्हणून प्रश्नावली ही चाळणी आहे, तराजू नाही. चाळणीवर उरलेले पुढे निवडावे लागते, आणि ते काम प्रशिक्षित माणसाने मुलाशी बोलूनच होते.

नाशिक जिल्ह्याचा विचार केला, की आणखी अडचणी दिसतात. राष्ट्रीय सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यात महानगरांतील मुलांचे प्रमाण १३.५ टक्के आणि ग्रामीण मुलांचे ६.९ टक्के निघाले. मग नाशिक शहरातील क्लासच्या गर्दीतल्या मुलाला कोणता आकडा लावायचा आणि सुरगाण्याच्या आश्रमशाळेतील मुलीला कोणता? सटाण्याकडे घरात अहिराणी, पेठ-सुरगाण्यात कोकणा बोली, मालेगावात उर्दू शाळा. ‘आपणांस उदास वाटते का?’ या पुस्तकी प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारे मूल ‘करमत नाही’, ‘डोकं जड होतं’ असे सहज सांगेल. शब्दशः भाषांतर पुरत नाही. भाषांतरानंतर ते माप त्या मुलांवर पुन्हा तपासून घ्यावे लागते.

त्याहून मोठा प्रश्न जगण्याचा आहे. नऊ प्रश्नांपैकी तीन झोप, थकवा आणि भूक यांविषयी आहेत. द्राक्षाच्या हंगामात आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडच्या बागांत राहून शाळेत येणाऱ्या मुलाला झोपेचे दोन, थकव्याचे दोन आणि भुकेचा एक गुण मिळाला, की सीमारेषा आलीच. त्याला नैराश्य असेलही, नसेलही. कागदाला हे कळत नाही. वर्गशिक्षकाला कळू शकते.

व्यसनाच्या मोजमापात चूक उलट्या दिशेने होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला. अशा बातमीनंतर सगळ्यांचे लक्ष एमडीकडे वळते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१९ च्या फेरीत देशातील १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी गेल्या तीस दिवसांत तंबाखूचे सेवन केल्याचे सांगितले. एम्सने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय अहवालात, प्रौढांपेक्षा मुलांत अधिक प्रमाणात आढळणारा एकच प्रकार नोंदला आहे : हुंगण्याचे पदार्थ. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन कोणत्याही दुकानात मिळते. ‘तू व्यसन करतोस का?’ या प्रश्नाला आजीची मशेरी दातांना लावणारी मुलगी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. म्हणून प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन आणि मुदत ठरवून विचारावे लागते. कागद गोळा करणारे हात वर्गशिक्षकाचे असतील आणि कोपऱ्यात हजेरी क्रमांक असेल, तर ते उत्तर केवळ शिस्तीचे असेल, खरे नसेल.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. मोजणे आणि मदत करणे ही दोन कामे शाळेत एकाच कागदावर उरकली जातात. किती मुलांना त्रास आहे हे जाणायचे असेल, तर कागद निनावी हवा. कोणाला त्रास आहे हे जाणायचे असेल, तर नाव हवे. पण मग पालकांची व मुलाची संमती हवी, गुप्तता हवी आणि त्याच दिवशी उत्तरे वाचणारा प्रशिक्षित माणूस हवा. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्यापुढे ‘रोज’ अशी खूण केलेला कागद आठवडाभर कपाटात पडून राहणार असेल, तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या शाळेला नाही. एका मुलाने मदत मागितली आणि ती कोणी वाचलीच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून शाळेत प्रश्नावली आली, की शिक्षकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. ही आपल्या मुलांच्या भाषेत व वयात तपासली आहे का? कागद कोण वाचणार आणि केव्हा? यादीतील प्रत्येक मुलाशी पुढे कोण बोलणार? समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत कागद वाटू नयेत.

तोवर शिक्षक रिकाम्या हाताने बसलेले नाहीत. हजेरी अचानक घटणे, मित्रांपासून तुटणे, आवडीचा खेळ सोडणे, वहीतले अक्षर बिघडणे : बदल दिसला, की मुलाला बाजूला घेऊन विचारावे आणि ऐकावे. मुलाने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नये. पालकांना लगेच कळवून डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. तो क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवता येईल. आणि वरचे त्रैराशिक नववी-दहावीच्या वर्गात जरूर सोडवून घ्यावे. मूळ प्रमाण ५० ऐवजी १० धरले, तर यादीतील खरी नावे किती उरतात, हे मुलांनाच काढू द्यावे.