सागरी नभोवाणी आणि लोकप्रियतेची क्रमवारी : एका पुराव्याची तपासणी

संगीताच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास लोकप्रियतेच्या क्रमवाऱ्या हा मोठाच आधार वाटतो. अमुक आठवड्यात अमुक गीत पहिले होते, असे कोष्टक सापडले की त्या काळची लोकाभिरुची हाती आली, असा समज सहज होतो. प्रस्तुत लेखात या समजाची परीक्षा एका मर्यादित उदाहरणावरून करावयाची आहे. १९६४ ते १९६७ या काळात इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून काही परवानारहित नभोवाणी केंद्रे चालत असत. त्यांपैकी ‘रेडिओ लंडन’ची ‘फॅब फॉर्टी’ ही चाळीस गीतांची यादी येथे विचारार्थ घेतली आहे. या केंद्रांना ‘चाचे’ म्हणण्याचा प्रघात पडला. चाच्यांची यादी हाच जनतेचा खरा कौल, आणि बी.बी.सी.ची अभिरुची मात्र वरून लादलेली, असे मत त्या पिढीच्या आठवणींतून रूढ झाले आहे. २००९ सालच्या ‘द बोट दॅट रॉक्ड’ या चित्रपटाने त्याला अधिकच रंग चढविला. हे मत कितपत टिकते, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. ब्रिटनमध्ये नभोवाणीचा एकाधिकार बी.बी.सी.कडे होता. ध्वनिमुद्रिका-कंपन्यांची संस्था आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे बी.बी.सी.ला बाजारातील तबकड्या ठराविक तासांपुरत्याच वाजविता येत. उरलेला वेळ वाद्यवृंदांच्या प्रत्यक्ष वादनाने भरावा लागे. म्हणजे तरुणांच्या गीतांची जी टंचाई जाणवत होती, तिच्या मुळाशी केवळ अधिकाऱ्यांची अरसिकता नव्हती, करारही होते. रात्री ऐकू येणारे ‘रेडिओ लक्झेंबर्ग’ हे दुसरे दार. पण तेथील वेळ ई.एम.आय., डेक्का यांसारख्या मोठ्या कंपन्या विकत घेत. जॉर्जी फेम या गायकाची तबकडी वाजवून घेण्यासाठी खटपट करीत असता ही दोन्ही दारे बंद आढळली, म्हणून आपण जहाजाची वाट धरली, असे ‘रेडिओ कॅरोलाइन’चे संस्थापक रोनन ओ’राहिली सांगत असत. कॅरोलाइनचे प्रसारण २८ मार्च १९६४ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला रेडिओ लंडन अवतरले. त्याचे जहाज ‘गॅलॅक्सी’ हे पूर्वी अमेरिकन आरमारात सुरुंग काढण्याच्या कामी होते. त्यामागचे भांडवल टेक्ससमधले होते, आणि चाळीस गीतांची यादी हाताशी धरून दिवसभराचे प्रसारण बांधावयाचे, ही पद्धतीही अमेरिकन होती.

आता यादीकडे वळू. ब्रिटनमधील विक्रीवर आधारलेली पहिली क्रमवारी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. तिचे साधन साधे होते : सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून खप विचारावयाचा. पुढे इतर नियतकालिकांनी आपापल्या याद्या काढल्या, आणि १९६९ पर्यंत सर्वमान्य अशी एकच यादी नव्हती. बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ हे गीत १९६३ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ व ‘मेलडी मेकर’ यांच्या याद्यांत पहिले, तर ‘रेकॉर्ड रिटेलर’च्या यादीत दुसरे होते. तेव्हा विक्रीची यादीही निखळ वस्तुस्थिती नव्हे. तो एक नमुना होता. तरीही तिच्या मुळाशी मोजणी होती, एवढे मान्य केले पाहिजे.

‘फॅब फॉर्टी’च्या मुळाशी अशी मोजणी नव्हती. ती केंद्राच्या कार्यक्रम-विभागाने आपल्या अंदाजाने ठरविलेली यादी होती. गीते तीत राष्ट्रीय याद्यांच्या आधी येत आणि आधी निघूनही जात. त्यांच्यामागे ‘क्लाइंबर्स’ म्हणजे चढू पाहणाऱ्या नव्या गीतांची रांग असे. येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. विक्रीची यादी गेल्या आठवड्याविषयी बोलते. फॅब फॉर्टी पुढील आठवड्याविषयी बोलत होती, परंतु व्याकरण मात्र भूतकाळाचे वापरीत होती. ‘हे गीत पहिले आहे’ या विधानाचा खरा अर्थ ‘हे गीत पहिले व्हावे असे आम्हांस वाटते’ असा होता. इच्छेला आकड्याचा पोशाख चढविला की ती वस्तुस्थितीसारखी दिसू लागते.

यावर असा आक्षेप येईल की, तिची भाकिते वारंवार खरी ठरली. तेव्हा तिला लोकांची नाडी कळली होती असे का म्हणू नये? आक्षेप विचारणीय आहे, पण निर्णायक नाही. जे गीत यादीत येई तेच दिवसभर पुन्हा पुन्हा वाजे. जे वाजे तेच श्रोत्याला परिचित होई. आणि परिचिताचीच तबकडी तो विकत घेई. भाकित करणाराच जेथे फलिताला हातभार लावतो, तेथे भाकिताचे यश हा स्वतंत्र पुरावा होत नाही.

मग यादी म्हणजे निव्वळ बनाव, असे म्हणावे काय? तसेही नाही. येथे एक अपयश आपल्या उपयोगी पडते. १९६७ च्या उत्तरार्धात डेव्हिड मॅकविल्यम्स यांचे ‘डेज ऑफ पर्ली स्पेन्सर’ हे गीत कॅरोलाइनने अहोरात्र वाजविले. कॅरोलाइनच्या कारभारात भागीदार असलेल्या फिलिप सॉलोमन यांच्याच ‘मेजर मायनर’ कंपनीची ती तबकडी होती. युरोपात ती गाजली. ब्रिटनच्या विक्रीयादीत मात्र शिरलीही नाही. त्या वेळी चाच्यांविरुद्धचा कायदा लागू होऊन कॅरोलाइनचे बळ ओसरले होते, हे खरे. म्हणून या एका उदाहरणावर सिद्धान्त उभारू नये. परंतु वाजविणे म्हणजे विकणे नव्हे, आणि श्रोत्याजवळ नकाराचा अधिकार शिल्लक होता, एवढे त्यावरून दिसते. तात्पर्य, फॅब फॉर्टी हा कौल नव्हता, फसवणूकही नव्हती. तो प्रस्ताव होता. प्रस्ताव स्वीकारला गेला की नाही, हे अन्यत्र पाहावे लागते.

या यादीचा वाङ्मयीन म्हणावा असा गुण म्हणजे तिची उत्कंठा. दर आठवड्याला नवा क्रम, चढउतार आणि शेवटी पहिले स्थान ही मालिकेची रचना आहे. तिचा दोष हाच की चाळिसांबाहेरच्या गीताला त्या दिवसाच्या ओघात फारशी जागा उरत नाही. रेडिओ लंडनचा सर्वांत मौलिक कार्यक्रम, जॉन पील यांचा १९६७ मधील ‘परफ्यूम्ड गार्डन’, मध्यरात्रीनंतर आणि यादीला बाजूस सारून होत असे, हे सूचक आहे.

आपल्याकडे याला एक जवळचे उदाहरण आहे. डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीतांना ओहोटी लागली, आणि श्रोते ‘रेडिओ सिलोन’कडे वळले. तेथे डिसेंबर १९५२ मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या पहिल्या क्रमवारीनंतर तीनच आठवड्यांच्या आत, अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सिलोन हे चाच्यांचे नव्हे, रीतसर केंद्र होते, आणि गीतमालेच्या क्रमवारीत तबकड्यांचा खप व श्रोतृसंघांची पत्रे यांना स्थान होते. हा फरक पुसून चालणार नाही. परंतु राज्यसंस्थेचा प्रतिसाद दोन्हीकडे सारखा आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ निघाली. ब्रिटनमध्ये १९६७ च्या ऑगस्टमध्ये कायदा अमलात येण्याच्या आदल्या दिवशी, १४ तारखेस, रेडिओ लंडन बंद झाले, आणि ३० सप्टेंबरला त्याच जहाजांवरील अनेक निवेदकांना घेऊन बी.बी.सी.चे ‘रेडिओ वन’ सुरू झाले. यादीचे गणित काहीही असो, मागणी खरी होती, हे प्रतिपक्षानेच असे मान्य केले.

म्हणून अभ्यासकाने क्रमवारी हाती घेताना तीन प्रश्न विचारावेत : ती कोणी केली, कशाची मोजणी करून केली, आणि तिच्यामुळे काय घडावे अशी करणाऱ्याची अपेक्षा होती? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत फॅब फॉर्टी हा लोकाभिरुचीचा पुरावा नव्हे. ती अभिरुची घडवू पाहणाऱ्यांच्या धारणांचा मात्र तो उत्तम पुरावा आहे, आणि त्या दृष्टीने वाचल्यास तिचे मोल कमी होत नाही, वाढते.