खर्जाची नाईट

साउंडचेकला ढोलकवाल्याला दहा मिनिटं मिळतात. ऑक्टोपॅडला दहा, कीबोर्डला पंधरा, निवेदकाच्या ‘हॅलो हॅलो, चेक’ला पाच. गायिकेला मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज किती हवा यावर अर्धा तास जातो. शेवटी साउंडवाला माझ्याकडे बघतो आणि विचारतो, “बेस येतोय ना?” मी एक तार छेडतो. “येतोय.” संपला साउंडचेक. तेवीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय, आणि माझ्या वाद्याबद्दल स्टेजवर मला विचारला गेलेला हा बहुधा एकमेव प्रश्न.

तक्रार नाही. बेसवाल्याने दिसू नये, अशीच या कामाची रीत आहे. तंबोऱ्यातल्या खर्जाच्या तारेला कुणी दाद देत नाही आणि तबल्याची तारीफ करताना डग्ग्याचं नाव वेगळं घेत नाही. पण सध्या जे चाललंय ते दिसण्या-न दिसण्याच्या पलीकडचं आहे. महाराष्ट्रात खालच्या पट्टीचा आवाज आजइतका कधीच नव्हता. गणपतीच्या मिरवणुकीतल्या, हळदीच्या मांडवासमोरच्या त्या भिंती (त्यांना आपण ‘डॉल्बी’ म्हणतो, त्या नावाच्या कंपनीचा त्यांच्याशी संबंध नसला तरी) खिडक्यांची तावदानं हलवतात, छातीत धक्के देतात. लोकांना खर्ज हवा आहे, आणि भरपूर हवा आहे. त्याच काळात स्टेजवरचा बेसवाला मात्र एकेका ग्रूपमधून गळत चाललाय. ही गळती मुकाट चालू आहे, कारण आधी ऐकूच न आलेला माणूस गेल्याचं कळणार कुणाला?

हे वाद्य आपल्याकडे आलं ते गोव्यातून. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकलेले गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायला आले आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत गेले. त्यांच्याबरोबर माणसाहून उंच डबल बेस आला. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने विजेवर चालणारी, खांद्याला लटकवायची बेस गिटार बाजारात आणली. तिला पडदे होते, सूर नेमका लागायचा, म्हणून नावच ‘प्रिसिजन’. पुढे ती मुंबईतही पोहोचली आणि राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत तिला खरी जागा मिळाली. टोनी वाझ हे त्यांचे बेसवादक. त्या गाण्यांच्या गप्पा निघाल्या की ग्लास, कंगवा, बाटली यांचे किस्से सगळे सांगतात. टोनी वाझ यांचं नाव शंभरात दोघांना माहीत असेल, आणि ते दोघेही बेसवालेच असतील.

चरणजित सिंग यांची गोष्ट तर एखाद्या कादंबरीकाराने रचावी तशी आहे. सिनेसंगीतात ते बेस आणि इतर वाद्यं वाजवायचे, स्वतःचा ग्रूप घेऊन लग्नसमारंभांतही वाजवायचे. म्हणजे आमच्यातलेच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र काढलं. बेसवाला नसला तरी काम भागावं, एवढाच त्याचा उद्देश. चरणजित सिंगांनी ते घेतलं, जोडीला तालयंत्र आणि सिंथेसायझर घेतला आणि १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड केली. ती तेव्हा फारशी कुणी विकत घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि युरोपातल्या क्लबवाल्यांनी डोक्यावर घेतली. आपल्या क्लबमधलं हे इलेक्ट्रॉनिक संगीत जन्मायच्या आधीच मुंबईत कुणीतरी वाजवून ठेवलंय, असं ते म्हणू लागले. बेसवाल्याला घरी बसवायला निघालेलं यंत्र एका बेसवाल्यानेच असं कामाला लावलं. आमच्या धंद्यात यंत्रावरची एवढी मोठी मात मला दुसरी माहीत नाही.

आमच्याकडे मात्र बेसवाल्याला घालवलं ते कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने. कीबोर्डचे दोन भाग करायचे, डावीकडे बेसचा टोन, उजवीकडे व्हायोलिन. आयोजकाची एक नाईट वाचली, गाडीत एक सीट वाचली. (नाईट म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे. नाटकवाल्यांचा शब्द, आम्हीही तोच वापरतो.) त्यानंतर आले ट्रॅक. लॅपटॉपमधून अर्धं गाणं तयारच येतं, वर गायक आणि ढोलक जिवंत. आणि आता कराओके. तिथे वादकच नाहीत. निवृत्त मंडळी स्वतः हॉलचं भाडं भरून स्वतःच गातात आणि एकमेकांना पुष्पगुच्छ देतात. त्यांचा आनंद खरा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त याला ‘वाद्यवृंद’ म्हणू नये, कारण त्यात वाद्य नाही आणि वृंदही नाही.

ट्रॅकचा दोष सूर-तालाचा नाही. सूर-तालात तो माझ्यापेक्षा पक्का आहे. त्याला कान नाहीत, हा त्याचा दोष. एका कार्यक्रमात आमची गायिका पहिल्या अंतऱ्यानंतरचा वाद्यांचा पीस विसरून थेट दुसऱ्या अंतऱ्यात शिरली. ढोलकवाल्याने डोळे मोठे केले, मी तिच्या सुराखालचा षड्ज धरला, कीबोर्डवाल्याने हात उचलले आणि पुढच्या समेला सगळे तिच्याबरोबर होतो. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. ट्रॅक असता तर पडद्यामागचे व्हायोलिनवाले आपला पीस वाजवत बसले असते आणि बाई उघड्या पडल्या असत्या. गायक चुकला तर त्याच्याबरोबर चुकायचं, हे सोबतीतलं पहिलं कौशल्य आहे.

दुसरं कौशल्य स्केलचं. गाणं बसवलेलं असतं पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी षड्ज धरून. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की नेमका तोच सूर. सेकंदाला सुमारे एक्केचाळीस कंपनं, अख्खं गाणं त्यावर टेकलेलं. पडदा उघडायच्या आधी वीस मिनिटं गायक घसा चोळत येतो. “आज पांढरी दोन घेऊ या का?” कीबोर्डवाला एक बटण दोनदा दाबतो, त्याचं काम झालं. माझ्या बेसला बटण नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे चार तारांच्या बेसवर एवढं खाली काही नाहीच. मग तो सूर दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर, एक सप्तक वर वाजवायचा. गाणं तेच, पण खालचा मजला काढून घेतलेला. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही. गाणं आज ‘बसलं’ नाही, एवढंच तो म्हणतो. यासाठीच मी पुढे पाच तारांचा बेस घेतला. त्या पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्याला तो सूर मिळतो. बायको म्हणाली, एका तारेसाठी एवढे पैसे? तिचं बरोबर होतं, आणि तरीही घेतला.

कव्हर बँडला लोक नक्कल म्हणतात. दुसऱ्याची गाणी वाजवणारे, स्वतःचं काही नसलेले. बेसवाल्याच्या बाबतीत हे सपशेल चुकीचं आहे, कारण नक्कल करायला आधी मूळ ऐकू यावं लागतं. जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये सगळा वाद्यमेळ एकाच ट्रॅकवर, आणि डबल बेस कुठेतरी मागे धुक्यात. मोबाइलवर ऐकाल तर तेवढंही नाही. त्या इवल्याशा स्पीकरमधून एवढा खालचा आवाज बाहेरच पडत नाही, वरच्या सुरांवरून आपला मेंदू तो गृहीत धरतो. मग मोठे हेडफोन लावून एकेक पीस वीस-वीस वेळा ऐकायचा आणि सापडेल ते वहीत उतरवायचं. इथे तो षड्जावरून पंचमावर गेला का मध्यमावर? हा खालचा सूर बेसचा की तुंबा ड्रमचा? जिथे ऐकूच येत नाही तिथे ठरवावं लागतं: या चालीखाली, या तालात, त्या काळातला वादक काय वाजवेल? पोथीतली झिजलेली अक्षरं लावण्यासारखं हे काम आहे. ते वाचन आहे, कधीकधी टीकाही. माझ्या मते आपल्याकडच्या सिनेसंगीताचा सगळ्यात बारीक अभ्यास या वह्यांमध्ये पडून आहे, आणि त्या वह्या बेसवाल्यांबरोबर रद्दीत जाणार आहेत.

आता आजची परिस्थिती. नाट्यगृहांतले जुन्या गाण्यांचे कार्यक्रम अजून चालतात. पुण्या-ठाण्यात रविवारची तारीख मिळणं कठीण असतं. तिथे प्रेक्षकांना ‘हुबेहूब’ हवं असतं, त्यामुळे काही ग्रूप अजून पूर्ण ताफा ठेवतात. पण त्यांची शिस्त पाठांतराची झाली आहे. पीस चोख आणि गाण्यात जीव कमी. मोकळ्या मैदानावरचे ऑर्केस्ट्रे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाच्या काट्याला बांधले गेले. नियम योग्यच आहे, पण साडेसातचा कार्यक्रम आठ-सव्वाआठला सुरू होतो, पुढाऱ्यांचे सत्कार नऊपर्यंत चालतात आणि उरलेल्या तासात शेवटचं गाणं ‘झिंगाट’ असणार हे आधीच ठरलेलं असतं. बेसवाल्याने त्यात काय सूक्ष्म वाजवायचं!

पबमध्ये वाजवणारी तरुण मुलं वेगळीच. बाणेर किंवा लोअर परळला चार-पाच जणांचा बँड, हिंदी गाणी रॉकच्या किंवा फंकच्या अंगाने. तिथे बेस हवाच असतो, आणि वाजवणारी पोरं तयारीची आहेत. मोहिनी डे या मुंबईच्या मुलीने ए. आर. रहमानबरोबर आणि जगभरच्या मोठ्या वादकांबरोबर बेस वाजवून दाखवल्यापासून हे वाद्य हातात घ्यायला मुलींनाही कुणी अडवत नाही, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तिची बोटं पाहून शिकलेली पोरं तिचे कान विसरतात. प्रत्येक चौथ्या मात्रेला अंगठ्याने तार हापटायची, अंतऱ्यात गायकाचा श्वास संपतो न संपतो तोच त्यात आपली करामत घुसवायची. लावणीत तर हे असह्य होतं. ढोलकीच्या धुमेचा, म्हणजे खर्जाच्या पुडीचा, जो घुमारा आहे तो बेसच्याच जागेत राहतो. एका खोलीत दोघं भांडले की धूम बुजते आणि लावणीची कंबरच मोडते. ढोलकी बोलत असताना बेसने गप्प बसायचं किंवा लांब सूर धरून ठेवायचा. कुठे वाजवायचं नाही हे कळायला मला दहा वर्षं लागली, म्हणून पोरांवर फार रागावत नाही.

प्रकृती खणखणीत आहे ती गोव्यात. तिथल्या लग्नात अजून जिवंत बँड लागतो. वॉल्ट्झपासून सुरू करून कोंकणी गाण्यांच्या ‘मसाला’पर्यंत माणसं नाचत राहतात, आणि नाचणाऱ्याचे पाय बेसवर पडतात हे तिथल्या यजमानाला माहीत असतं. तियात्रातही ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रमसोबत बेसवाला असतो. १८९२ साली मुंबईत सुरू झालेला हा नाट्यप्रकार आजही प्रयोगागणिक वादकांना काम देतो. मराठी रंगभूमीवर, दोन-चार अपवाद वगळता, संगीत पेनड्राइव्हमधून येतं. आपण स्वतःला संगीत नाटकाचे वारसदार म्हणवतो, तेव्हा याची थोडी लाज वाटायला हवी.

बाकी रोजचं जगणं सांगण्यासारखं फार नाही. रात्री दोनला हायवेवरच्या ढाब्यावर जेवण, सकाळी दहाला ऑफिस. पाकीट कार्यक्रमानंतर, कधी ‘पुढच्या वेळी एकत्र देतो’. जनरेटरची अर्थिंग नीट नसेल तर तारांना हात लागताच सणसणीत शॉक बसतो. म्हणून काळ्या कोटाखाली रबरी चपला घालून मी कित्येक लग्नं वाजवली आहेत. तशा वायरिंगमध्ये बेसमधून एक अखंड घूं येत राहते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची, म्हणजे ती घूं पांढरी पाचपेक्षा किंचित चढी लागते. गाणं त्याच स्केलमध्ये असलं की रात्रभर एक बेसूर तंबोरा साथीला मिळतो. मागे एका लग्नात नेमकं तेच झालं. शेवटी मी बेसच थोडा चढा लावला आणि कीबोर्डवाल्याला तेवढाच चढवायला सांगितलं. गायकाला वाटलं, आपला घसा बसला.

वाचकांना एकच विनंती. पुढच्या वेळी ऑर्केस्ट्राला जाल तेव्हा पहिल्या रांगेचा पास नाकारा. तिथे फक्त गायकाचे कपडे दिसतात आणि मॉनिटरचा कचरा ऐकू येतो. मागे, जिथे साउंडवाल्याचं टेबल असतं, त्याच्या आसपास बसा. एक गाणं फक्त खालून ऐका. काहीच ऐकू आलं नाही, तर मध्यंतरात त्या साउंडवाल्याकडे जाऊन विचारा, “बेस येतोय ना?”