‘रिहला’तील ‘मी’

इब्न बतूता १३२५ साली टँजिअरहून निघाला. त्याची ‘रिहला’ मात्र तीस वर्षांनी फेज येथे त्याच्या सांगण्यावरून इब्न जुझय्य याने शब्दबद्ध केली. म्हणजे या संहितेतील ‘मी’ मुळातच दोघांचा आहे. शिवाय दमास्कसच्या वर्णनाचा बराच भाग बाराव्या शतकातील प्रवासी इब्न जुबैर याच्याकडून घेतलेला. वाङ्मयचौर्य म्हणून हे निकालात काढणे सोपे. पण त्याने ‘रिहला’च्या आत्मनिष्ठेचा प्रश्न सुटत नाही. हा प्रवासी स्वतःच्या आवाजात केव्हा बोलतो? माझ्या मते, उसना घेण्याजोगा पूर्वग्रंथ हाताशी नसतो तेव्हा. मालदीवमध्ये काझी असताना स्त्रियांनी कमरेवरचे अंग झाकावे हा त्याचा हुकूम चालत नाही. मालीत सुलतानाची भेट म्हणून तीन रोट्या, गोमांसाचा तुकडा आणि दही येते, तेव्हा त्याला हसू आवरत नाही. (दिल्लीत तुघलकाचे औदार्य अनुभवलेल्याचे हे हसू!) धर्म एकच, रीत परकी. त्याला खटकते ते स्वधर्मीयांचेच वेगळेपण, आणि ही चीड त्याची नजर तीक्ष्ण करते. मालीतील स्त्रियांच्या मोकळेपणावर नाराज असलेला हा काझी तेथील न्यायव्यवस्थेची आणि प्रवासातील निर्धास्तपणाची स्तुती करतो. कुराण पाठ होईपर्यंत मुलांना बेड्या घालतात, हेही कौतुकानेच सांगतो.